तो कुठला, यापेक्षा तो कुठे घडला

२ नोव्हेंबर १९९४ रोजी बार्सिलोनाच्या काम्प नोऊ मैदानावर मँचेस्टर युनायटेडचा संघ उतरला, तेव्हा गोलपोस्टमध्ये पीटर श्मायकेल नव्हता. त्याला दुखापत झालेली नव्हती. त्या काळातल्या सर्वोत्तम गोलरक्षकांत त्याची गणना होत होती. अडचण एवढीच की तो डेन्मार्कचा होता. युरोपीय स्पर्धांत तेव्हा ‘तीन अधिक दोन’ असा नियम होता: संघात तीन परदेशी खेळाडू, आणि त्यांच्या जोडीला त्या देशात पाच वर्षे खेळलेले, त्यांतली तीन वर्षे कुमार गटात काढलेले आणखी दोन. इंग्लिश क्लबसाठी वेल्स, स्कॉटलंड आणि आयर्लंडचे खेळाडूसुद्धा परदेशीच धरले जात. त्यामुळे युनायटेडच्या प्रशिक्षकांना आपल्याच खेळाडूंची बेरीज-वजाबाकी करत बसावे लागले, आणि मैदानातल्या एका परदेशी खेळाडूला जागा करून देण्यासाठी त्यांनी गोलरक्षक बदलला. सामना युनायटेडने ०-४ असा गमावला.

श्मायकेल असता तर निकाल बदलला असता का, हा माझा मुद्दा नाही. बार्सिलोनाचा तो संघ फार मोठा होता. मला खटकते ते हे की खेळाडू किती चांगला आहे, त्याने या क्लबसाठी किती वर्षे घाम गाळला आहे, यापेक्षा त्याच्या खिशातला पासपोर्ट भारी ठरला. आज तीस वर्षांनी युरोपात पुन्हा पुन्हा मागणी होते की परदेशी खेळाडूंवर मर्यादा आणा. मागणी करणारी माणसे वाईट नाहीत, आणि त्यांचे दुःखही खोटे नाही. पण त्यांनी सुचवलेला उपाय चुकीच्या जागी लावला जातो आहे, असे मला ठामपणे वाटते.

तो जुना नियम मोडला तो एका साध्या बेल्जियन खेळाडूमुळे. ज्याँ-मार्क बोसमान हा लिएज क्लबकडून खेळायचा. १९९० मध्ये त्याचा करार संपला. क्लबने नवा करार देऊ केला, पण महिना एक लाख वीस हजार बेल्जियन फ्रँकचा पगार तीस हजारांवर आणून. बोसमानला सीमेपलीकडे फ्रान्समधल्या डंकर्क क्लबमध्ये जायचे होते. करार संपलेला होता, तरीही लिएजने त्याच्यासाठी हस्तांतरण शुल्क मागितले, आणि व्यवहार फिसकटला. नोकरीचा करार संपल्यावरही माणूस जुन्या मालकाच्या दावणीला बांधलेला राहतो, असा हा प्रकार. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला.

या निकालात दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि पुढचा सगळा गोंधळ त्या एकत्र मोजल्यामुळे झाला आहे. पहिली: युरोपीय संघातल्या एका देशाचा नागरिक दुसऱ्या देशात खेळत असेल तर त्याला ‘परदेशी’ म्हणून कोट्यात बसवता येणार नाही. दुसरी: करार संपल्यावर खेळाडू दुसऱ्या देशातल्या क्लबकडे जात असेल तर जुन्या क्लबला शुल्क मागता येणार नाही. लोक संतापतात ते पहिलीवर. लहान क्लबांचे कंबरडे मोडले ते दुसरीने, आणि त्याच सुमारास दूरचित्रवाणीच्या हक्कांतून मूठभर लीगमध्ये ओतल्या गेलेल्या पैशाने.

आम्सटरडॅमच्या आयाक्स क्लबचे उदाहरण घ्या. २४ मे १९९५ ला व्हिएन्नात त्यांनी एसी मिलानला १-० ने हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली. गोल केला अठरा वर्षांच्या पॅट्रिक क्लायव्हर्टने. त्या संघातले बहुतेक जण आयाक्सच्या स्वतःच्या शाळेत वाढलेले होते. निकालानंतर वर्षभरात एडगर डेव्हिड्स आणि मिखाएल रायझिगर करार संपवून मिलानला गेले, आयाक्सला एक छदामही न मिळता. क्लायव्हर्टही १९९७ मध्ये त्याच वाटेने मिलानला गेला. कानू, फिनिडी, ओव्हरमार्स, दोघे डी बोअर भाऊ, फान डर सार, लिटमानेन असे एकेक करून सगळे गेले. ज्या माळ्याने आठ-दहा वर्षे झाडे वाढवली, त्याच्या डोळ्यांदेखत फळे दुसऱ्याच्या टोपलीत गेली, आणि त्यातल्या कित्येकांची किंमतही त्याला मिळाली नाही. आम्सटरडॅमच्या एखाद्या म्हाताऱ्या चाहत्याने या सगळ्याबद्दल बोसमानला बोल लावला तर मी त्याला दोष देणार नाही. पण नीट पाहिले तर या कथेत आयाक्सकडे आलेले परदेशी खेळाडू कुठेच खलनायक नाहीत. लिटमानेन फिनलंडचा, फिनिडी आणि कानू नायजेरियाचे. त्यांच्याशिवाय तो संघ झालाच नसता.

मर्यादा हवी म्हणणारे नेहमी जुन्या विजेत्यांची यादी काढतात. १९६७ मध्ये लिस्बनला इंटर मिलानला हरवणारा सेल्टिकचा संघ: सगळे खेळाडू ग्लासगोच्या मैदानापासून तीस मैलांच्या आत जन्मलेले. १९८६ मध्ये सेव्हियाला बार्सिलोनाला नमवणारा स्टेआवा बुखारेस्ट. १९९१ चा युगोस्लाव्हियाचा रेड स्टार बेलग्रेड. आणि मग विचारतात, २००४ मध्ये पोर्तुगालचा पोर्टो जिंकला, त्यानंतर इंग्लंड, स्पेन, इटली, जर्मनी आणि २०२५ मध्ये फ्रान्सचा पॅरिस सेंट-जर्मेन, यांच्याबाहेर युरोपचा करंडक गेला आहे का? नाही गेला. हे वास्तव आहे आणि ते बोचणारे आहे.

पण त्या यादीकडे थोडे जवळून पाहावे लागते. स्टेआवाचा संघ एकत्र राहिला कारण रोमेनियाच्या खेळाडूंना देश सोडायची परवानगीच नव्हती. युगोस्लाव्हियात अठ्ठाविशी गाठल्याशिवाय परदेशी क्लबकडे जाता येत नसे. मिओद्राग बेलोदेदीच हा स्टेआवाच्या त्या विजयी संघातला बचावपटू. १९८८ मध्ये तो रोमेनियातून निसटून युगोस्लाव्हियात आला. मागे त्याच्या देशाने देशद्रोहाच्या आरोपाखाली त्याला गैरहजेरीत शिक्षा ठोठावली. पुढे १९९१ मध्ये त्याने रेड स्टारकडून पुन्हा तोच करंडक उंचावला. दोन वेगवेगळ्या क्लबांकडून अंतिम सामना खेळून तो करंडक जिंकणारा तो पहिला खेळाडू. ज्या जुन्या दिवसांच्या आठवणीने आपण हळवे होतो, त्यांतला काही भाग कुलूपबंद दारांवर उभा होता, हे बेलोदेदीचकडे पाहिले की विसरता येत नाही. सेल्टिकबद्दल मात्र मी असे म्हणणार नाही. तो संघ खरोखर एका शहराने, एका वस्तीने घडवला होता, आणि त्याचे मोल वेगळे आहे. त्याकडे मी पुढे येतो.

दुसरा युक्तिवाद राष्ट्रीय संघाचा. परदेशी खेळाडूंनी जागा अडवल्या, म्हणून आपल्या पोरांना संधी मिळत नाही, म्हणून देशाचा संघ दुबळा होतो. ऐकायला अगदी सरळ वाटते. पण इतिहास याला साथ देत नाही.

इंग्लंडने १९३१ पासून परदेशी व्यावसायिक खेळाडूंना दोन वर्षांच्या वास्तव्याची अट घातली होती. व्यवहारात ती बंदीच होती, आणि ती १९७८ पर्यंत टिकली. या काळात १९६६ चा विश्वचषक त्यांनी जिंकला, हे खरे. पण १९७४ आणि १९७८ च्या विश्वचषकांना इंग्लंड पात्रही ठरला नाही, तेही लीगमध्ये परदेशी खेळाडू जवळजवळ नसताना. १९९२ च्या ऑगस्टमध्ये प्रीमियर लीग सुरू झाली त्या पहिल्या आठवड्यात सर्व संघांच्या सुरुवातीच्या अकरांत मिळून ब्रिटन आणि आयर्लंडच्या बाहेरचे अवघे तेरा खेळाडू होते. सव्वा वर्षाने इंग्लंड १९९४ च्या विश्वचषकाला मुकला. १९९९ च्या नाताळानंतरच्या दिवशी चेल्सीने एकही ब्रिटिश खेळाडू नसलेले अकरा जण उतरवले, तेव्हा इंग्लिश फुटबॉल संपले असे लोक म्हणाले. संपले नाही. २०१८ ला विश्वचषकाची उपांत्य फेरी, पुढे लागोपाठ दोन युरो स्पर्धांच्या अंतिम फेऱ्या, हे सगळे जगातली सर्वांत परदेशी लीग घरात असताना घडले.

याचे उत्तर आपल्या गोव्याने पाहिले आहे. २१ ऑक्टोबर २०१७ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर सतरा वर्षांखालील विश्वचषकाचा उपांत्यपूर्व सामना झाला. इंग्लंडने अमेरिकेला ४-१ ने हरवले, रियान ब्रूस्टरने हॅटट्रिक केली. त्या संघात फिल फोडेन होता, मार्क गेही होता, कोनर गॅलघर होता. आठवड्याने कोलकात्यात त्यांनी स्पेनला ५-२ ने हरवून करंडक घेतला. ही पोरे आकाशातून पडलेली नव्हती. २०१२ पासून इंग्लंडने अकादम्यांची प्रतवारी, प्रशिक्षकांची संख्या, मुलांच्या सरावाचे तास या सगळ्याची नव्याने घडी बसवली होती. त्याच संघातला जेडन सँचो गटसाखळीनंतर जर्मनीला परतला, कारण त्याच्या क्लबने, डॉर्टमुंडने, त्याला परत बोलावले. मँचेस्टर सिटीत वाट अडली म्हणून तो सतराव्या वर्षी परदेशी गेला होता. तीन वर्षांनी ज्यूड बेलिंगहॅमही त्याच क्लबकडे गेला. जर्मनीत ही इंग्लिश मुले परदेशी होती. सीमा उघड्या असल्या की माणसे दोन्ही दिशांनी जातात, हे मर्यादेच्या चर्चेत नेहमी राहून जाते.

जर्मनीची गोष्टही अशीच. २००० च्या युरो स्पर्धेत ते गटात तळाला राहिले. त्यांनी उपाय म्हणून परदेशी खेळाडूंना दार लावले नाही. व्यावसायिक क्लबांना युवा प्रशिक्षण केंद्र काढणे सक्तीचे केले. २००६ मध्ये तर युरोपबाहेरच्या खेळाडूंवरची मर्यादाही उठवली, आणि तिच्या जागी स्थानिक घडवणुकीची अट आणली. २०१४ मध्ये ते जगज्जेते झाले. चाळीस लाखांच्या आसपास लोकसंख्येचा क्रोएशिया २०१८ च्या अंतिम सामन्यात पोहोचला तो माद्रिद, बार्सिलोना, तुरीनमध्ये खेळणाऱ्या खेळाडूंच्या बळावर. उद्या प्रत्येक मोठ्या देशाने दारे बंद केली तर क्रोएशियाच्या कर्णधार मोद्रिचसारखा खेळाडू कुठे खेळणार?

एक उदाहरण माझ्या मताच्या विरोधात जाते, ते लपवत नाही. १९६६ मध्ये उत्तर कोरियाकडून हरल्यावर इटलीने नवे परदेशी खेळाडू आणायला बंदी केली, ती १९८० पर्यंत. १९८२ मध्ये इटली विश्वविजेता झाला. मर्यादावाल्यांचा हा हुकमी एक्का. पण हा देश २००६ मध्ये, खुल्या बाजाराला दहा वर्षे झाल्यानंतरही जिंकला, आणि २०१८ व २०२२ ला पात्रही ठरला नाही. बंदीच्या काळात इटालियन क्लबांचे काय झाले तेही पाहावे: १९६९ च्या मिलाननंतर थेट १९८५ च्या युव्हेंटसपर्यंत युरोपचा सर्वोच्च करंडक इटलीत आला नाही, आणि तो आला तेव्हा युव्हेंटसकडे फ्रान्सचा प्लातिनी आणि पोलंडचा बोनिएक होते.

पासपोर्टवर आधारलेली मर्यादा आणखी एक वाईट गोष्ट करते: ती माणसांना कागद शोधायला, आणि कधी कधी कागद बनवायला लावते. २००१ मध्ये इटलीत बनावट पासपोर्टांचे प्रकरण गाजले. इंटरच्या आल्व्हारो रेकोबावर बंदी आली. आजही स्पेनमध्ये युरोपबाहेरच्या मोजक्याच खेळाडूंना जागा असते. पण तिथल्या कायद्याप्रमाणे ब्राझीलच्या किंवा अर्जेंटिनाच्या नागरिकाला दोन वर्षांच्या वास्तव्यानंतर स्पेनचे नागरिकत्व मागता येते, तर जपानच्या खेळाडूला दहा वर्षे थांबावे लागते. ज्याचे पणजोबा इटलीतून बोटीने ब्युनोस आयर्सला गेले, तो २०२५ पर्यंत युरोपीय ठरत असे. ज्याच्या पणजोबांना युरोपने गुलाम केले, त्याचे काय, ते त्या-त्या देशाशी कोणता करार झाला आहे त्यावर ठरते. यात फुटबॉल कुठेच नाही. घडवणूक तर नाहीच नाही.

आपल्याकडे वाचक विचारतील, आयपीएलमध्ये अकरांत चारच परदेशी असतात, ते तर सुरळीत चालते, मग युरोपात का नको? कारण आयपीएल ही एका देशातली, एका मंडळाच्या हाताखालची, दोन-अडीच महिन्यांची स्पर्धा आहे. युरोपीय संघात सत्तावीस देशांनी आपली नोकरीची बाजारपेठ एक केली आहे. लिएजहून डंकर्कला गाडीने काही तासांत पोहोचता येते. पोलंडचा गवंडी, पोर्तुगालची परिचारिका ज्या हक्काने जर्मनीत काम करतात, तो हक्क फक्त फुटबॉलपटूला नाकारायचा, याला न्यायालय मान्यता देणे शक्य नव्हते. (क्रिकेटवेड्यांना हे नाते ओळखीचे असेल: मारोश कोल्पाक हा स्लोव्हाकियाचा हँडबॉल गोलरक्षक. युरोपीय संघाशी करार असलेल्या देशांच्या नागरिकांनाही हा हक्क लागू करणारा खटला त्याने २००३ मध्ये जिंकला, आणि त्यामुळे दक्षिण आफ्रिकेचे कित्येक क्रिकेटपटू ‘कोल्पाक खेळाडू’ म्हणून इंग्लिश काउंटीत शिरले.) फिफाने २००८ मध्ये ‘सहा अधिक पाच’ नावाने पुन्हा प्रयत्न करून पाहिला, सहा देशी आणि पाच परदेशी असा. युरोपीय आयोगाने विरोध केला, आणि दोन वर्षांत फिफाने तो प्रस्ताव गुंडाळला.

मग काहीच अट नको का? हवी. युएफाने, म्हणजे युरोपीय फुटबॉल महासंघाने, २००५ मध्ये जी वाट धरली ती मूळ कल्पना म्हणून मला पटते. तिथे पासपोर्ट विचारला जात नाही. पंचवीस जणांच्या यादीत आठ जागा अशा खेळाडूंसाठी राखीव, जे १५ ते २१ या वयात किमान तीन वर्षे त्या क्लबमध्ये किंवा त्या देशाच्या संघटनेतल्या दुसऱ्या क्लबमध्ये घडले आहेत. त्यातले निदान चार स्वतःच्या क्लबचे. जन्म कुठेही झालेला असो.

पण या नियमात दोन भोके राहिली. सेस्क फाब्रेगास दहाव्या वर्षी बार्सिलोनाच्या अकादमीत आला. सोळाव्या वर्षी, २००३ मध्ये, आर्सेनलने त्याला उचलले. नियमाप्रमाणे तो ‘इंग्लंडमध्ये घडलेला’ ठरला, आणि जिथे तो पास द्यायला शिकला त्या बार्सिलोनाला तो आपला घडलेला खेळाडू म्हणून मोजता येईना. पॉल पोग्बाही सोळाव्या वर्षी ल आव्रहून मँचेस्टरला गेला. म्हणजे घडवणुकीला मान द्यायला केलेल्या नियमाने श्रीमंत क्लबांना सांगितले, मुलाला आणखी लहानपणी उचला. सोळा वर्षांचे पोर आईबापांपासून, भाषेपासून तोडून परक्या शहरात आणायचे, आणि त्यातल्या बहुतेकांना तीन वर्षांनी परत पाठवायचे. हे मला परदेशी खेळाडूंच्या संख्येपेक्षा कितीतरी जास्त अस्वस्थ करते. ब्रेक्झिटनंतर इंग्लिश क्लबांना अठरा वर्षांखालची परदेशी मुले आणता येत नाहीत. त्या राजकारणाशी मी सहमत नाही, पण मुलांच्या बाबतीत त्यातून झालेले हे एक चांगले काम मी नाकारणार नाही. युएफाने हेच सर्व युरोपासाठी करावे: मोजणी बाराव्या वर्षापासून सुरू करावी, आणि अठराच्या आत सीमा ओलांडून आणलेला मुलगा नव्या क्लबच्या खात्यात धरू नये.

दुसरे भोक कायद्याचे. रॉयल अँटवर्प क्लबच्या प्रकरणात २१ डिसेंबर २०२३ रोजी युरोपीय न्यायालयाने या नियमावरही प्रश्नचिन्ह लावले आणि अंतिम तपासणी बेल्जियमच्या न्यायालयाकडे सोपवली. अडचण आहे ती ‘त्याच देशातला दुसरा क्लब’ या भागात. शेजारच्या क्लबने वाढवलेला मुलगा विकत घेतला तर त्यात तुमची मेहनत कुठली? तो भाग मागच्या दाराने आलेला देशी कोटाच आहे. तो काढून टाकावा आणि आठही जागा स्वतःच्या अकादमीतल्या मुलांसाठी ठेवाव्यात. मोठे क्लब कुरकुरतील. कुरकुरू द्यावे.

सेल्टिकच्या त्या तीस मैलांचा जिवंत वारसा कुठे असेल तर तो उत्तर स्पेनमधल्या बिल्बाओत. अॅथलेटिक क्लब शंभरहून अधिक वर्षे फक्त बास्क प्रदेशातले किंवा तिथे घडलेले खेळाडू घेतो. स्पेनच्या पहिल्या श्रेणीतून तो कधी खाली गेला नाही. हा मान रिआल माद्रिद आणि बार्सिलोनाखेरीज फक्त त्यालाच आहे. २०२४ मध्ये चाळीस वर्षांनी त्याने कोपा देल रे जिंकला. त्या संघात इन्याकी आणि नीको विल्यम्स हे दोन भाऊ होते. त्यांचे आईवडील घानाचे, सहारा वाळवंट पायी तुडवून स्पेनला पोहोचलेले. जुन्या काळी अशा घरातल्या मुलांना या क्लबमध्ये जागा मिळाली असती की नाही, हा प्रश्न तिथल्या लोकांनीच स्वतःला विचारला आहे, आणि उत्तर इन्याकीने दिले आहे. त्याचे आईवडील कुठून आले हे बिल्बाओने पाहिले नाही. तो बास्क भूमीत वाढला, एवढे पुरले. ही अट कुणा न्यायालयाने किंवा महासंघाने लादलेली नाही, सभासदांनी ती स्वतःहून पाळली आहे. म्हणूनच तिच्यात माया आहे.

आता पैशाकडे येतो, कारण खरी दुखरी नस तीच. बोसमान निकालाने जे भोक पडले ते बुजवायला फिफाने २००१ मध्ये दोन साधने आणली. एक प्रशिक्षण भरपाई, जी खेळाडू तेवीस वर्षांचा होईपर्यंत मिळते. दुसरे म्हणजे हस्तांतरण शुल्कातले पाच टक्के, जे त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. बाराव्या ते पंधराव्या वर्षांच्या प्रत्येक वर्षासाठी शुल्काच्या पाव टक्का, नंतरच्या प्रत्येक वर्षासाठी अर्धा टक्का. कल्पना उत्तम आहे. प्रशिक्षणाचा मोबदला मागणे न्याय्य आहे, हे युरोपीय न्यायालयानेही २०१० मध्ये ऑलिम्पिक लिऑनच्या खटल्यात मान्य केले. म्हणजे इथे कायदाही आपल्या बाजूने आहे.

पण हे पाच टक्के शुल्काचे आहेत. शुल्कच नसेल तर? किलियन एम्बापे पॅरिसच्या उपनगरातल्या बोंडी या छोट्या क्लबमध्ये खेळायला शिकला. त्याचे वडील तिथेच प्रशिक्षक होते. २०२४ मध्ये पॅरिस सेंट-जर्मेनचा करार संपवून तो रिआल माद्रिदला गेला. जगातल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूंपैकी एक, आणि हस्तांतरण शुल्क शून्य. शून्याचे पाच टक्के शून्य. वय पंचविशीचे, म्हणून प्रशिक्षण भरपाईही नाही. जो पैसा पूर्वी शुल्क म्हणून एका क्लबकडून दुसऱ्याकडे गेला असता, तो अशा वेळी खेळाडूच्या करारावरच्या बोनसमध्ये, पगारात आणि मध्यस्थांच्या कमिशनमध्ये जातो. बोसमानला स्वातंत्र्य मिळाले ते योग्यच होते, ते कुणी काढून घेऊ नये. पण करार संपवून जाणाऱ्या खेळाडूच्या बोनसवर आणि मध्यस्थाच्या कमिशनवरही तेच पाच टक्के लावायला कुणाची हरकत असावी? फिफाने नोव्हेंबर २०२२ पासून पॅरिसमध्ये क्लिअरिंग हाउस सुरू केले आहे. कोणत्या मुलाला कोणी किती वर्षे शिकवले याची नोंद तिथे तयार होते, पैसा तिथूनच वाटला जातो. नवे यंत्र उभारायचे नाही, एक ओळ बदलायची आहे. ती बदलली तर पुढच्या वेळी असा करार पॅरिसमध्ये किंवा माद्रिदमध्ये झाला की बोंडीच्या मैदानावर नवे दिवे लागतील, एखाद्या प्रशिक्षकाचा वर्षभराचा पगार निघेल, आणि त्या मैदानावर खेळणारी पोरे कोणत्या देशातून आलेल्यांची आहेत हे कुणालाही विचारावे लागणार नाही.